अर्धा सूर खाली

कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण ते बँकेतल्या कारकुनाशिवाय कोणी घेत असेल असं वाटत नाही. बाकी सगळ्यांसाठी ती काटा. तराजूचा असतो ना, तो. नाव ठेवलं मास्तरांनी, आणि ठेवलं ते कौतुकानं, कारण तिचा कान केसभरही हलायचा नाही. पण तिच्या तोंडाचा पट्टा ज्यांच्यावरून फिरला होता ते म्हणायचे, तराजूचा कसला, पायात मोडतो तो! हे तिच्या कानावर यायचं. न येऊन सांगतं कुणाला, कान कुणाचा होता! आणि तिला त्याचाही अभिमानच वाटायचा.

तिचा धंदा गाण्याचा. एकटीचा नव्हे, पाच जणांचा, आणि सोबत वाद्य एकही नाही. ग्रुपचं नाव ‘नुसते गळे’. एक जण ओठ, जीभ आणि दात वापरून ड्रम वाजवायचा, एक जण पार खालचे सूर धरायचा, वर तिघं गायचे, आणि डोळे मिटून ऐकलं तर समोर दहा-बारा वादक बसलेत असं वाटायचं. आता एवढं सगळं समजावून सांगितल्यावर लोक काय विचारतात? “छान छंद आहे हो. पण नोकरी काय करता?” काट्याच्या सासूबाईंनी हा प्रश्न बारा वर्षं विचारला. तेराव्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं, पण पटलं म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून.

तशी नोकरी तिनं केली होती. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनच्या खोलीत. खोलीला खिडकी नाही, दोन खुर्च्या, भिंतीवर वॉर्डांच्या नंबरांचा तक्ता, आणि दिवसभर कानाला हेडफोन. तिथंच तिला कळलं की आपल्याला जे ऐकू येतं ते सगळ्यांना येत नाही. फोन उचलला की जो एकसुरी आवाज येतो, तो कुठल्या पट्टीत आहे हे शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला माहीतच नव्हतं. काट्याला आधी वाटलं, ही आपली चेष्टा करतेय. आपल्याला लाल रंग लाल दिसतो, तसा तिला प्रत्येक सूर नावानिशी ओळखू यायचा. पंख्याचा, कुकरच्या शिट्टीचा, बंद पडत आलेल्या फ्रिजचा.

लग्नही कानामुळंच जमलं. इस्पितळाच्या लिफ्टची देखभाल करायला एक मेकॅनिक यायचा, गप्प गप्प, हाताला कायम ग्रीस. एका सकाळी तिनं त्याला जिन्यात गाठून सांगितलं, “तुमची दोन नंबरची लिफ्ट कालपासून चढ्या सुरात बोलतेय.” त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की हिला कितव्या मजल्यावर न्यायचं ते विचारावं की काय. पण माणूस कामाचा पक्का. वर मशीनरूममध्ये गेला, मोटर उघडली, तर बेअरिंग खलास! आणखी आठवडा गेला असता तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली असती, स्ट्रेचरसकट. दुसऱ्या दिवशी तो टेलिफोनच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “एक नंबरची पण जरा ऐकता का?” झालं. सात महिन्यांत लग्न.

मास्तर भेटले ते त्यानंतर दोन वर्षांनी. ते शाळेत गणित शिकवायचे आणि गणितापेक्षा गाण्यातच जास्त रमायचे. त्यांनी स्वतःसकट चार गळे जमवले होते, पाचवा हवा होता. आता वाद्य नसलं की पहिली अडचण काय, तर सुरुवातीचा सूर आणायचा कुठून? त्यासाठी एक छोटी गोल शिट्टी मिळते. पहिल्या तालमीला मास्तरांनी ती काढली तर ही म्हणाली, “ठेवा ती खिशात, मी देते.” आणि तिनं दिला. मास्तरांनी शिट्टी फुंकून पडताळून पाहिला. तोच. दुसरं गाणं, तोच. पाच गाणी झाल्यावर मास्तरांनी शिट्टी खिशात टाकली आणि तिला काटा म्हणायला लागले. पुढं तिघांनी नोकऱ्या सोडल्या, त्यात काटा एक. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला.

सुरुवातीची वर्षं काय विचारता! फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन केलं, दातांच्या डॉक्टरांचं संमेलन केलं, एका प्रवासी जहाजावर सहा महिने रोज दोन वेळा गायले, त्यातले पहिले आठ दिवस ओकाऱ्या काढत. एका आयोजकानं वाद्यं उतरवायला टेम्पो आणि दोन हमाल उभे केले होते, आणि गाडीतून उतरले पाच जण, पाच पाण्याच्या बाटल्या घेऊन. हमालांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ग्रुपचे नियम मात्र कडक. कार्यक्रमाच्या दिवशी दूध नाही. ड्रमवाल्यानं बिस्किटाला हात लावायचा नाही, दातात तुकडा अडकला की झांज बोबडी वाजते. आणि शेवटचा अर्धा तास कोणीही बोलायचं नाही. भांडण असेल तर चिठ्ठीवर लिहायचं. पडद्यामागं पाच माणसं तोंड शिवून बसलेली आणि चिठ्ठ्या इकडून तिकडं फिरताहेत, असं दृश्य असायचं. त्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या काट्याच्या.

मग पडदा उघडायचा आणि मास्तर पुढं येऊन म्हणायचे, “मंडळी, आमच्याकडे वाद्य नाही. सूर देणारं यंत्र नाही. आमच्याकडे काटा आहे.” टाळ्या पडायच्या. काटा हनुवटी जराशी खाली करायची आणि बाकीच्या चौघांनाच ऐकू येईल इतक्या हळू हुंकार द्यायची. पुढचे दोन तास सगळ्यांची भिस्त त्या हुंकारावर. तिला ते वाक्य किती आवडायचं हे तिनं कधी कबूल केलं नाही, पण एकदा मास्तर ते बोलायला विसरले तर ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

पन्नाशी उलटली आणि काट्याच्या मते जग बिघडायला लागलं. रेडिओवाले गाणी पळवत लावायचे. तिनं दोनदा फोन करून त्यांना झापलं, आणि दोन्ही वेळा तिकडच्या मुलीनं “कळवते हं मॅडम” म्हणून फोन ठेवला. समोरच्या शाळेनं घंटा बदलली, असं तिचं म्हणणं. शिपाई म्हणाला, “बाई, तीस वर्षं हीच घंटा बडवतोय मी.” घराच्या लिफ्टचा सूर चढला म्हणून तिनं नवऱ्याला वर पाठवलं. तो गेला, मोटर उघडून पाहिली, खाली आला, हात धुतले आणि जेवायला बसला. काही बोलला नाही. तो तसाही कधी बोलायचा?

ग्रुप मात्र सुखात होता. मास्तर तर साठी गाठूनही खुशीत. “वय वाढतंय तसा गळा खुलतोय माझा,” म्हणायचे, “पूर्वी वरच्या सुराला घाम फुटायचा, आता अलगद लागतो!” रडत होता फक्त खालचा आवाज, ज्याला सगळे तळघर म्हणायचे. त्याचा सगळ्यात खालचा सूर लागेना. तो गुळण्या करायचा, गार पाणी सोडलं, घशाच्या डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे. काटा म्हणाली, “रियाज कमी पडतोय, दुसरं काय!”

याच सुमारास वरच्या आवाजाची बाई मुलीकडे परदेशी गेली आणि तिच्या जागी नवी आली. सव्वीस वर्षांची, बारीक चणीची, बोलायला भिडस्त, पण गळा असा की मास्तरांनी कधी नव्हे ते पहिल्याच दिवशी चहा मागवला. आणि कान? कान काट्यासारखाच. तिलाही प्रत्येक सूर नावानिशी ओळखू यायचा. काट्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण एकाच तराजूला दोन काटे कशाला, असं तिच्या मनात आलंच.

नवी ग्रुपची सगळी गाणी जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून पाठ करून आली होती. आणि तालमीत तिचा आवाज सारखा वर सरकायचा. “चढतेयस,” काटा म्हणायची. “हो ताई,” म्हणून नवी खाली यायची. अकरा महिने हे चाललं. शेवटी एका तालमीत, सगळ्यांसमोर, नवी चाचरत म्हणाली, “ताई, रागावू नका, पण सूर खाली दिलाय. हे गाणं काळी एकचं आहे. तुम्ही पांढरी एक देताय.”

कीबोर्डवर या दोन पट्ट्या शेजारी शेजारी. फरक अर्ध्या सुराचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागणार नाही, पण गाणाऱ्याच्या दुनियेत अर्धा सूर म्हणजे दुसरं घर. काटा उठली आणि थंडपणे म्हणाली, “आधी कान धुऊन ये. मग माझ्याशी बोल.”

ड्रमवाला हसला, मास्तर हसले, आणि नवीचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात कार्यक्रमात, शेवटच्या गाण्याला, नवीनं सवयीनं मूळ पट्टीत तोंड उघडलं. बाकी चौघं एकीकडं आणि ती अर्धा सूर वर! सातशे माणसांसमोर ते असं किरकिरलं की पहिल्या रांगेतल्या लहान पोरानं कानावर हात ठेवले. पडदा पडल्यावर काट्यानं मास्तरांना एवढंच सांगितलं, “ती राहील नाहीतर मी.” मास्तरांनी गणित केलं. नवी गेली. तिच्या जागी दोन कार्यक्रमांपुरती म्हणून एक गायिका आली आणि राहिलीच, तिला सगळे अजून पाहुणी म्हणतात.

पुढं तीन वर्षं सुरळीत गेली. मग ग्रुपला पंचवीस वर्षं होणार म्हणून मास्तरांनी एक टूम काढली. ग्रुपनं सगळ्यात पहिलं बसवलेलं गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित करायचं, पण पहिलं कडवं जुन्या टेपवरचं ठेवायचं आणि दुसऱ्या कडव्याला आजचे आवाज मध्येच उचलून धरणार. कल्पना झकास होती. ग्रुप नऊ वर्षांनी स्टुडिओत गेला. काट्यानं सूर दिला, पाचही जण गायले, आणि काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्यानं दोन्ही तुकडे जोडून लावले.

जुनं कडवं संपलं, नवं सुरू झालं, आणि जिन्याची पायरी नाही हे अंधारात कळावं तसं सगळ्यांना झालं. गाणं धपकन खाली बसलं.

“तुमची जुनी टेप पळतेय,” काटा लगेच म्हणाली.

“नाही मॅडम,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला. तो पोरगेला होता पण कामात वाकबगार. “टेप बरोबर आहे. काळी एक. तुमचं आजचं पांढरी एक आहे. अर्धा सूर खाली.”

त्यानं पडद्यावर आकडे दाखवले. कीबोर्ड वाजवून दाखवला. मास्तरांनी आपला मोबाइल काढला, त्यातही तेच. तळघर एकदम उभा राहिला. “म्हणजे माझा तो खालचा सूर… मी इतकी वर्षं पाताळात उतरत होतो? आणि तीन-तीनदा डॉक्टरला घसा दाखवला मी!” पाहुणी फस्सकन हसली. मास्तर हसले नाहीत. आपला गळा खुलला कशामुळं होता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

आता यात चूक कशी झाली ते बघा. दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये ही होऊच शकली नसती. साधी बासरी जरी सोबत असती तरी पहिल्या दिवशी बिंग फुटलं असतं. पण इथं पाचही जण एकमेकांशी बरोबर होते. पाचही जण एका कानावर विसंबून होते, आणि तो कान हळूहळू सगळ्यांना घेऊन खाली उतरला. आपलंच जुनं गाणं घरी कोण लावून ऐकतं?

“काही हरकत नाही,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला. “दोन बटणं दाबतो, वर घेऊन देतो. कुणाला कळणार नाही.”

“दाब,” मास्तर म्हणाले. “विषय संपला.”

काटा खुर्चीत बसून राहिली. कोणीतरी नवीचं नाव काढेल म्हणून ती वाट पाहत होती. कोणीही काढलं नाही. सगळे पाण्याच्या बाटल्यांची झाकणं लावत होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते, त्यावरून तिला समजलं की सगळ्यांना नवीच आठवतेय.

घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, “आपल्या लिफ्टचा सूर चढलाय म्हणून मी तुला किती वेळा वर पाठवलं?”

“तीनदा.”

“आणि बेअरिंग?”

“ठणठणीत. तिन्ही वेळा.”

“मग बोलला का नाहीस?”

“पहिल्या वेळी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुझा कान कधी चुकला नव्हता ना. मग वाटलं, तुझं तुलाच कळेल.”

ती भडकली. असं माणूस सांगत नाही होय, लग्नाचा नवरा आहेस की शेजारी, वगैरे वगैरे बरंच बोलली. तो ऐकत राहिला. बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. कानाची नव्हे. कान गेला तर गेला, म्हातारपणी गुडघे जातात तसा. लाज त्या मुलीला घालवल्याची वाटत होती.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बहिरेपणा अजिबात नाही. ज्यांना सूर असे पाठ असतात त्यांच्यापैकी काहींना पन्नाशीनंतर सगळंच थोडं चढं ऐकू यायला लागतं. का, ते नक्की कोणी सांगत नाही. औषध नाही. “तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका,” डॉक्टर म्हणाले, “रोजच्या व्यवहारात काही अडणार नाही.” रोजच्या व्यवहारात!

मास्तरांनी तर तोडगाही काढून ठेवला होता. कानात एक छोटं यंत्र घालायचं, केसांखाली दिसतसुद्धा नाही, आणि ते खिशातल्या मोबाइलवरून सूर पाठवणार. काट्यानं तो ऐकून हुंकार द्यायचा. “पंचविशीच्या कार्यक्रमाला मी तेच वाक्य बोलेन, टाळ्या पडतील, सगळं पूर्वीसारखं. चार भिंतींतली गोष्ट चार भिंतींत राहील. पंचवीस वर्षांची अब्रू आहे अगं, तुझी आणि आमची.” तिला मोह झाला नाही असं नाही. चांगला चार दिवस झाला. चौथ्या दिवशी तिनं तळघराकडून नवीचा पत्ता घेतला.

नवी एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. मागच्या बाजूला काचा घासून फ्रेममध्ये बसवायची मशीन, तिथं तिचं टेबल. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काट्याला बघून तिनं मान वर केली, परत खाली घातली.

“बोला ताई. चष्मा करायचाय?”

“नाही. तुझ्याशी बोलायचंय.”

“मग बोला. मी काम करत ऐकते.”

चार दिवस जुळवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. “तुझा सूर बरोबर होता,” काटा म्हणाली. “मी खाली देत होते. तू यायच्या आधीपासून. मला सगळं चढं ऐकू येतं, डॉक्टरनं सांगितलंय. चूक माझी होती आणि घालवलं तुला.”

नवीनं काच मशीनला लावली, बटण दाबलं. मशीन गुणगुणायला लागली. काच तयार झाली, ती तिनं उजेडात धरून पाहिली, फडक्यानं पुसली, फ्रेममध्ये बसवली. काटा उभीच.

“वर्षभर मी स्वतःचा कान तपासत होते,” नवी म्हणाली. “कीबोर्डवर बोट ठेवायचं आणि स्वतःला बजावायचं, तुला ऐकू येतंय ते खरं नाही. तुमच्यासारखी बाई म्हणते म्हणजे असेलच ना काहीतरी. मग गाणंच सोडलं. मुलगी झाली, तिला झोपवताना मोबाइलवर गाणं लावते मी.”

काट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलावर स्वच्छ फडक्यांची चळत होती, पण एक मागायची तिला हिंमत झाली नाही. मशीन परत सुरू झाली.

“ही मला पांढरी पाच ऐकू येते,” काटा म्हणाली. “म्हणजे ती काळी तीन असणार. हल्ली मी अर्धा सूर वजा करते.”

नवीचा हात थांबला. “काळी तीनच आहे,” ती हळूच म्हणाली. “रोज ऐकते. पण कुणाला सांगायची सोय नव्हती.” मग तिचा आवाज एकदम कडक झाला. “तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणाला होतात, कान धुऊन ये. आणि चूक कबूल करायला एकट्याच आलात. हे बरं आहे!”

“मग सगळ्यांसमोर सांगते. ये.”

“मला परत यायचं नाही ग्रुपमध्ये.”

“नको येऊस. एक दिवस ये.”

सुट्टीच्या दिवशी ती आली. तालमीच्या खोलीत दाराशीच उभी राहिली, पर्स खांद्याला तशीच, बस म्हटलं तरी बसली नाही. ड्रमवाला खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखा बघायला लागला. तळघर मात्र पुढं होऊन म्हणाला, “ये गं, बरं झालं आलीस.”

काटा उभी राहिली. “हिला मी याच खोलीत कान धुऊन ये म्हटलं होतं, आणि तुम्ही हसला होतात. हिचा कान बरोबर होता. बिघडला होता माझा. सातशे माणसांसमोर हिची जी फजिती झाली ती माझ्यामुळं. पोरी, मला माफ कर. आणि मास्तर, पंचविशीच्या कार्यक्रमात ते वाक्य बोलायचं नाही. सूर मोबाइलवरून घ्यायचा, आणि लोकांना दिसेल असा घ्यायचा. कानात बिनात काही घालणार नाही मी.”

“अगं, पण लोक विचारतील…” मास्तर म्हणाले.

“विचारू देत. मी सांगेन, म्हातारी झाले.”

नवीनं पर्स खाली ठेवली.

“पहिलं गाणं घेऊ,” काटा म्हणाली. “आज सूर हिच्याकडून.”

नवी दोन वर्षं गायली नव्हती. तिनं घसा साफ केला, डोळे मिटले आणि सूर दिला. काट्याच्या कानाला तो साफ चढा लागला. पंचवीस वर्षांची सवय म्हणत होती, चूक आहे, थांबव. तिनं थांबवलं नाही. तिनं तोच धरला. पाहुणीच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, मास्तरांना वरच्या सुराला घाम फुटला, आणि तळघराला त्याचा खालचा सूर असा अलगद सापडला की गाता गाता तो हसला. काट्याला सगळं गाणं परक्याच्या घरात वावरल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक ओळीला मन खाली ओढत होतं आणि प्रत्येक ओळीला ती स्वतःला वर रेटत होती. कशीबशी ती शेवटपर्यंत पोचली.

गाणं संपलं.

“ताई,” नवी दारापाशी उभी राहून म्हणाली, आणि या वेळी चाचरली नाही, “शेवटच्या दोन ओळींत तुम्ही उतरलात.”

पंचवीस वर्षांत गाताना उतरलात असं काट्याला कोणी म्हटलं नव्हतं. ड्रमवाल्यानं खिडकीतून मान वळवली.

“उतरले असेन,” काटा म्हणाली. “मला नाही कळलं. परत घेऊ. दे सूर.”